जुन्या आलिशान मोटारीचे ब्रेक : दोष, कारणे आणि लक्षणे

महाराष्ट्रातून मोटारीने काशीयात्रेस निघालेला प्रवासी नागपूर, जबलपूर, रीवा असा मजल दरमजल करीत मिर्झापूरमार्गे वाराणसीस पोहोचतो. हा मार्ग जुना आहे. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलण्यापूर्वी वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच वाटेने जात असे. या प्रवासात मध्य प्रदेशातील हनुमना सोडल्यावर विंध्याचे पठार संपते आणि रस्ता ड्रमंडगंजच्या घाटीने एकदम गंगेच्या मैदानाकडे उतरू लागतो. अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे ही घाटी त्या प्रदेशात कुप्रसिद्ध झाली आहे. घाटी उतरून पुढे गेले की काही तासांतच वाराणसी येते. लहुराबीर, मैदागिन, गोदौलिया अशा चौकांत पादचारी, सायकलरिक्षा, ई-रिक्षा, गाई आणि यात्रेकरू यांच्या गर्दीतून गाडी पावलापावलाने पुढे न्यावी लागते. म्हणजे एकाच प्रवासात ब्रेकची दोन अगदी भिन्न प्रकारे परीक्षा होते : उतारावर उष्णतेची आणि गर्दीत तत्परतेची.

हा प्रवास अलीकडे पुष्कळ कुटुंबे एका विशिष्ट प्रकारच्या गाडीतून करू लागली आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या आलिशान गाडीची किंमत सामान्य माणसास ऐकवत नसे, तीच आता जुन्या बाजारात नव्या लहान मोटारीच्या किमतीस मिळते. गाडी प्रशस्त असते, आतून शांत असते, रंगही टिकलेला असतो. तथापि तिच्या पोटातील रोधनयंत्रणेचे वय मात्र कोणत्याही पॉलिशने कमी होत नाही. या यंत्रणेत कोणते दोष उद्भवतात, का उद्भवतात आणि ते वेळीच कसे ओळखावेत, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे कोणती गाडी?

पूर्वीच्या जीपसारख्या गाड्यांत शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असे आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसविलेला असे. साध्या मोटारीत मात्र सांगाडा व चौकट एकजीव असतात. या दुसऱ्या पद्धतीने बांधलेली, पण उंच, प्रशस्त आणि जीपसारखी दिसणारी गाडी म्हणजे क्रॉसओव्हर होय. १९९८ साली बाजारात आलेली लेक्ससची आरएक्स ही आलिशान क्रॉसओव्हर गाड्यांतील आद्य गाडी मानली जाते. त्यानंतर व्होल्व्होची एक्ससी ९०, ऑडीच्या क्यू ७ व क्यू ५ इत्यादी गाड्या आल्या.

या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे वजन. माणसे व सामान भरले की अशी गाडी सव्वादोन टनांच्या घरात सहज जाते. त्यामुळे तिच्या ब्रेकवरील ताण लहान मोटारीच्या दुपटीहून अधिक असतो. शिवाय आलिशानपणाचाही येथे एक तोटा आहे. काचा घट्ट, आसने मऊ आणि आवाज अडविणारे अस्तर जाड असल्यामुळे चाकाजवळची कुरकुर आत बसलेल्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. लहान गाडीत जो दोष पहिल्याच दिवशी ऐकू येतो, तो येथे महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

थांबणे म्हणजे उष्णता निर्माण करणे

ब्रेक गाडीची गती 'नाहीशी' करतो असे आपण म्हणतो. परंतु ऊर्जा नाहीशी होत नसते. गाडीच्या ठायी असलेली गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत परिवर्तित होते आणि ती उष्णता हवेत जाते. ब्रेकच्या बहुतेक सर्व दोषांचे मूळ या एका विधानात आहे.

२,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ५ लाख ४३ हजार ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअस तपमानाचे सुमारे १.६ लिटर पाणी उकळबिंदूपर्यंत तापेल. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४० किलोमीटर केला, तर ऊर्जा निम्मी न होता एकचतुर्थांश होते, हेही येथे लक्षात ठेवावे.

चारही चाकांच्या ब्रेक-तबकड्यांचे, म्हणजे डिस्कचे, वजन मिळून ४० किलोग्रॅम धरले आणि सारी उष्णता त्यांतच राहिली असे मानले, तर एकदा पूर्ण थांबण्याने त्यांचे तपमान सुमारे ३० अंशांनी वाढेल. ही वाढ क्षुल्लक आहे. परंतु उतारावरचा हिशेब निराळा असतो. हीच गाडी १०० मीटर खाली उतरली की गुरुत्वाकर्षणामुळे ताशी ८० किलोमीटर वेगावरून चार वेळा थांबण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर उंचीवर आहे. तेथून बोरघाटाने खोपोलीस येताना गाडी पाचशे मीटरांहून अधिक खाली येते; म्हणजे जवळजवळ वीस वेळा थांबण्याची उष्णता! ती सर्व डिस्कमध्येच साठली, तर तपमान सहाशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही ऊर्जा इंजिन व टायर शोषून घेतात आणि बरीचशी उष्णता वारा वाहून नेतो, म्हणूनच आपण सुखरूप खाली येतो. पण जो चालक केवळ ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतो, तो या संरक्षणातील मोठा भाग स्वतःच दूर सारीत असतो.

पायापासून चाकापर्यंत

आता ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. चालकाने २० किलोग्रॅम भाराइतक्या बलाने पेडल दाबले असे समजा. पेडल ही एक तरफ आहे. तिच्यामुळे ते बल चौपट, म्हणजे ८० किलोग्रॅम होते. पुढे 'बूस्टर' नावाचा एक मोठा डबा असतो. त्याच्या मध्यभागी रबरी पडदा असून पडद्याच्या एका बाजूस निर्वात आणि दुसऱ्या बाजूस बाहेरील हवेचा दाब असतो. डब्याचा व्यास २५ सेंटिमीटर असेल आणि निर्वात सत्तर टक्के असेल, तर केवळ हवेच्या दाबाने सुमारे ३५० किलोग्रॅमपर्यंत बल मिळू शकते. आपल्या उदाहरणात बूस्टरने २४० किलोग्रॅमची भर घातली असे धरू. एकूण बल ३२० किलोग्रॅम झाले.

हे बल मुख्य सिलिंडरातील दट्ट्यावर पडते. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असल्यास ब्रेक ऑइलमध्ये प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६४ किलोग्रॅम दाब उत्पन्न होतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धांत १६६३ साली, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच सिद्धांतानुसार हा दाब नळ्यांतून चाकाजवळच्या 'कॅलिपर'मध्ये जातो. तेथील दट्ट्याचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर असेल, तर पॅड डिस्कवर १,६०० किलोग्रॅम बलाने दाबला जातो. पायाच्या २० किलोग्रॅमचे असे रूपांतर होते.

बूस्टर नसता तर काय झाले असते? मुख्य सिलिंडरावर ८० किलोग्रॅमच पडले असते आणि पॅडवरील बल ४०० किलोग्रॅमवर, म्हणजे एकचतुर्थांशावर आले असते. ब्रेक 'असूनही नसल्यासारखा' का भासतो, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

सुरक्षिततेसाठी मुख्य सिलिंडरात दोन स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन चाके सांभाळतो. एका बाजूची नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतात. फक्त पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाते. म्हणून पेडल एकाएकी खाली जाऊ लागले आणि तरीही गाडी थांबत असेल, तर 'चालते आहे' असे न म्हणता गाडी तेथेच उभी करावी.

ब्रेक ऑइल आणि पाणी

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते वस्तुतः तेल नव्हे. ते ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रव्य असून त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातील सूक्ष्म छिद्रातून हवेतील बाष्प ते सतत शोषून घेते. गाडी चालो वा उभी राहो, हे शोषण थांबत नाही. त्यामुळे 'गाडी फार कमी फिरली आहे' हे विक्रेत्याचे वाक्य ब्रेक ऑइलच्या बाबतीत निरर्थक ठरते.

पाणी मिसळल्याने काय होते? 'डॉट ४' प्रतीच्या कोरड्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. 'डॉट ३' प्रतीसाठी हेच आकडे २०५ व १४० आहेत. उतारावर कॅलिपर तापला की त्यातील जुने ऑइल उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पायाचे सारे बल बुडबुडे दाबण्यातच खर्च होते आणि पेडल तळाला टेकते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मिस्त्रीला काहीच दोष आढळत नाही आणि मालकाला भास झाला असे ठरते. भास झालेला नसतो.

याच पाण्यामुळे नळ्या, दट्टे आणि एबीएसच्या झडपा आतून गंजतात. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी, अथवा निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीस, ऑइल संपूर्ण बदलून ब्रेकची हवा काढावी. टाकीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. ऑइलची पातळी घटली असेल तर त्याचा अर्थ दोहोंपैकी एक असतो : पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे. दोन्हीही शोधावयाच्या गोष्टी आहेत, झाकावयाच्या नव्हेत.

बूस्टरचा गंज : २०२२ सालचा धडा

वयाचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. जून २०२२ मध्ये जर्मनीच्या संघीय मोटारवाहतूक खात्याने मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या एमएल, जीएल व आर या वर्गांतील गाड्या परत बोलाविल्याचे जाहीर केले. २००४ ते २०१५ या काळात बांधलेल्या या गाड्यांची जगभरातील संख्या ९ लाख ९३ हजार ४०७ इतकी होती. अमेरिकेत तर सुमारे २ लाख ९२ हजार गाड्यांच्या मालकांना, तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असे कळविण्यात आले.

कारण वरवर पाहता अत्यंत साधे होते. बूस्टरच्या पत्र्याच्या डब्यावर एक रबरी वेष्टन असते. वर्षानुवर्षे त्याखाली ओलावा साचून पत्रा गंजत गेला. गंजाने सूक्ष्म छिद्र पडले की निर्वात टिकत नाही आणि बूस्टरचे साहाय्य घटते. आपल्या मघाच्या उदाहरणातील २४० किलोग्रॅमची भर हळूहळू कमी होत जाते, असे समजावे. क्वचित प्रसंगी, गंज फार वाढलेला असताना जोराचा ब्रेक मारला, तर पेडल व ब्रेक यांमधील दुवाच तुटण्याची शक्यता होती. धोका यात होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, हा दोष नव्या गाडीत नव्हता. तो काळाने निर्माण केला. दुसरी अशी की, त्याची पूर्वसूचना मिळत होती. पेडलचा स्पर्श बदलणे, ते कठीण होणे, पाय दाबताना पेडलजवळ हवेचा फुसफुस आवाज येणे ही ती सूचना. जुनी आलिशान गाडी विकत घेणाऱ्याने तिच्या सांगाडा-क्रमांकावरून अशी एखादी परत-बोलावणी प्रलंबित आहे काय, याची चौकशी निर्मात्याच्या सेवाकेंद्रात अवश्य करावी.

बूस्टरची परीक्षा घरच्या घरी करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. आतील निर्वात संपून ते कठीण होते. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर कार्य करीत आहे असे समजावे. ते जागचे हललेच नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा निर्वात पंप यांपैकी काही तरी बिघडले आहे. डिझेल इंजिन स्वतः पुरेसा निर्वात उत्पन्न करीत नसल्याने अशा गाड्यांत त्यासाठी वेगळा पंप असतो आणि तोही कालांतराने थकतो.

डिस्क आणि पॅड

डिस्क-ब्रेकची कल्पना लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली मांडली. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, ल मान्सच्या शर्यतीत डिस्क-ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी जिंकली तेव्हा. आज या वर्गातील गाड्यांना चारही चाकांवर डिस्कच असतात.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे ब्रेक लावताना सुकाणूचक्र थरथरणे. 'डिस्क वाकली' असे यावेळी म्हटले जाते. बहुधा ती वाकलेली नसते; तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही हाताला जाणवतो. तापलेल्या डिस्कवर पॅड घट्ट दाबून गाडी उभी ठेवल्यास पॅडचे द्रव्य त्या जागी चिकटते आणि तेथे उंचवटा तयार होतो. चाक बसविताना डिस्कच्या पाठीमागील गंज साफ न करणे आणि चाकाचे बोल्ट कमी-अधिक आवळणे, हीही कारणे असतात. जाडी पुरेशी असेल तर लेथवर डिस्क घासून घेता येते. परंतु प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क कितीही गुळगुळीत दिसली तरी टाकून द्यावी. कारण पातळ डिस्कमध्ये उष्णता साठविण्याची शक्ती उरत नाही.

पॅड झिजत आले की काही गाड्यांत दिवा लागतो, काहींत पोलादी पट्टी डिस्कला घासून चिरका आवाज करते. हा आवाज म्हणजे सूचना होय. त्यापुढचा खरखरीत, दळल्यासारखा आवाज मात्र धातूवर धातू घासत असल्याचा असतो. तेव्हा गाडी चालविणे थांबवावे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिल्या दोन-तीन ब्रेकपुरता येणारा आवाज केवळ वरवरच्या गंजाचा असतो. त्याची चिंता नको.

पॅड बदलताना स्वस्ताईच्या मोहात पडू नये. हलक्या प्रतीचा पॅड गर्दीत चांगला वाटतो; पण घाटात तापल्यावर त्यातील चिकटद्रव्याचा वायू होऊन घर्षण घटते. यावेळी पेडल कठीण असते, पाय जोराने दाबला जातो, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. ऑइल उकळल्यावर पेडल मऊ होते, पॅड तापल्यावर ते कठीणच राहते. हा भेद लक्षात ठेवला तर निदान सोपे होते. पॅडची धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती फुप्फुसांना अपायकारक असते, आणि जुन्या अथवा अज्ञात बनावटीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचाही संभव असतो.

अडकलेला कॅलिपर

कॅलिपरचा दट्ट्या एका रबरी टोपीने झाकलेला असतो. ती फाटली की धूळ-पाणी आत शिरून दट्ट्या गंजतो आणि पुढे गेलेला मागे येत नाही. कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो त्यांचे वंगण सुकले तरी हेच घडते. मग पॅड सदैव डिस्कला घासत राहतो. ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते. एक चाक इतरांपेक्षा फार तापते. इंधन अधिक लागते. एका चाकाचा पॅड झिजून जातो आणि दुसऱ्याचा जवळजवळ नवा राहतो.

कधी दोष कॅलिपरात नसून रबरी नळीत असतो. जुनी नळी आतून फुगून इतकी अरुंद होते की पायाच्या दाबाने ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही. बाहेरून नळी निर्दोष दिसते. म्हणून नवा कॅलिपर बसवूनही चाक तापत राहिले, तर नळीकडे लक्ष द्यावे.

चौकात गाडी उभी असताना पेडल हळूहळू खाली बुडत जाते आणि तरी टाकीतील ऑइल कमी होत नाही, असे असेल तर मुख्य सिलिंडरातील रबर झिजले आहे. ऑइल बाहेर न गळता आतल्या आत दट्ट्यास वळसा घालून जात असते. हा दोष दुरुस्तीवाचून कधीही बरा होत नाही.

विजेवर चालणारे भाग

चाक जागच्या जागी अडकून घसरू नये म्हणून एबीएस ही योजना असते. बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनी ती १९७८ साली मोटारीत आणली. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक चाकाचा वेग मोजतो आणि चाक अडकू लागताच त्या ब्रेकचा दाब क्षणभर सैल केला जातो. जुन्या गाडीत संवेदकावर चिखल बसणे, त्याचे दातेरी कडे गंजणे, तार उंदरांनी कुरतडणे हे प्रकार नेहमीचे आहेत. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल, तर साधा ब्रेक चालू राहतो. फक्त घसरण्यापासूनचे संरक्षण जाते. ब्रेकचा तांबडा दिवा मात्र निराळा. हँडब्रेक सोडलेला असूनही तो लागला, तर गाडी पुढे नेऊ नये.

अनेक आलिशान गाड्यांत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असते आणि मागील कॅलिपरवरील लहान मोटर पॅड आवळते. अशा गाडीचे मागील पॅड बदलताना मोटर प्रथम संगणकयंत्राने मागे घ्यावी लागते. जुन्या सवयीने दट्ट्या बळेच मागे ढकलल्यास आतील स्क्रू मोडतो आणि शंभर रुपयांच्या घाईपायी हजारोंचे नुकसान होते.

वाराणसीची हवा आणि पाणी

एकच गाडी निरनिराळ्या गावी निरनिराळ्या प्रकारे म्हातारी होते. वाराणसीत ज्येष्ठातील ऊन चाळिशीच्या पुढे जाते, आषाढ-श्रावणात हवा बाष्पाने ओथंबते आणि पौषात दाट धुके पडते. रबर उन्हाने कडक होते, ऑइल पावसाळ्यात पाणी शोषते आणि रस्त्यावरची बारीक धूळ व वाळू बाराही महिने चाकांच्या सांध्यांत शिरते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. ती दूर कोठे तरी उभी करून ठेवावी लागते आणि कित्येक दिवस हलत नाही. अशा उभ्या गाडीचे कॅलिपर हमखास धरतात.

त्यात पुराची भर पडते. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. मोठ्या पुरात नगवा, सामनेघाट आणि वरुणेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरते. जी गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, तिचे पॅड, कॅलिपर, संवेदक व तारा उघडून पाहिल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये. जुनी गाडी विकत घेताना सतरंजीखालचा गाळ, आसनाखालचा गंज आणि कुबट वास यांकडे लक्ष द्यावे. पूरग्रस्त गाड्या धुऊन-पुसून पुष्कळदा दूरच्या गावी विकल्या जातात.

घाट उतरताना

काशीतील घाट पायऱ्यांनी उतरावयाचे असतात, विंध्यातील व सह्याद्रीतील घाट गिअरने. ज्या गिअरमध्ये चढण चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरावे. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर हाताने निवडण्याची सोय बहुधा असते. ती अनेक मालकांना ठाऊक नसते. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा जोराने दाबावा, वेग घटवावा आणि सोडावा, म्हणजे मध्यंतरी डिस्कला वारा मिळतो. उतारावर इंजिन बंद करून इंधन वाचविण्याची सवय अत्यंत घातक आहे. इंजिन बंद होताच निर्वात निर्माण होणे थांबते, दोन-तीन वेळा पेडल दाबले की बूस्टरचे साहाय्य संपते आणि सुकाणूही जड होते.

एवढे करूनही पेडल तळाला गेलेच, तर घाबरून न जाता ते भराभर वरखाली दाबावे; अनेकदा थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक हळूहळू ओढावा. बटणाचा असल्यास ते सतत ओढून धरावे. भोंगा व दिवे चालू ठेवून गाडी चढणीच्या, वाळूच्या किंवा डोंगराच्या बाजूस न्यावी, दरीच्या बाजूस नव्हे.

तपासणीचा क्रम

जुनी क्रॉसओव्हर घेणाऱ्याने आणि ती बाळगणाऱ्यानेही वर्षातून एकदा, विशेषतः लांबच्या प्रवासापूर्वी, पुढील क्रमाने पाहणी करून घ्यावी. प्रथम ब्रेक ऑइलची तारीख, पातळी व त्यातील पाण्याचे प्रमाण पाहावे. हे प्रमाण मोजणारे लहान उपकरण मिळते. मग बूस्टरची वर सांगितलेली परीक्षा करावी आणि त्याच्या डब्यावर गंज आहे काय ते बघावे. त्यानंतर चारही चाके काढून पॅड, डिस्कची जाडी, रबरी टोप्या व नळ्या तपासाव्यात. शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाऊन ब्रेक लावावा. गाडी सरळ थांबते काय, थरथरते काय, आणि थांबल्यावर एखादे चाक अधिक तापले आहे काय, हे पाहावे. चाकास हात लावू नये. जवळ नेला तरी उष्णता कळते.

या कामास गॅरेजमध्ये अर्धा दिवस पुरतो. त्यात सापडलेले बहुतेक दोष ऑइल, रबर, वंगण आणि पॅड एवढ्यानेच दूर होतात. खर्च वाढतो तो पुढे ढकलण्याने.

ब्रेकचा लाभ केवळ गाडीत बसलेल्यास होतो असेही नाही. सव्वादोन टनांची गाडी मैदागिनच्या चौकात येते, तेव्हा तिच्यापुढून डोक्यावर गाठोडे घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या यात्रेकरूस तिचे वय, तिची किंमत किंवा तिच्या ऑइलमधील पाणी यांपैकी काहीच ठाऊक नसते. ते मालकाने जाणून घ्यावयाचे असते.